स्टिरॉइडला दाद न देणारी पेशी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत म्हसवड येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



वार्षिक सभेतील व्याख्यानास सर्वसाधारणपणे रक्तदाब, मधुमेह किंवा मातेचा आहार असे विषय घेतले जातात आणि ते योग्यच आहे. यंदा विषयनिवडीची मोकळीक मला देण्यात आली, तेव्हा मी जाणीवपूर्वक एक अवघड विषय निवडला. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या कानावर कधी ना कधी एक वाक्य पडते : "औषधाला दाद मिळत नाही." हे वाक्य सांगणारा डॉक्टर घाईत असतो आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते, त्यामुळे त्याचा अर्थ विचारायचा राहून जातो. मग घरी परतल्यावर तर्क सुरू होतात. एखादी गोळी चुकली म्हणून असे झाले का? बाहेरचे खाल्ले म्हणून झाले का? मुलाच्या अंगाला औषधाची सवय झाली का? या प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने बऱ्याच अंशी शोधली आहेत. ती आपल्या भाषेत सांगता येतील तितकी सांगावीत, एवढाच आजचा हेतू.

प्रथम आजाराची ओळख. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तांबड्या पेशी, श्वेतपेशी आणि रक्तबिंबिका यांची ती जन्मभूमी. श्वेतपेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्या पूर्ण घडण्यापूर्वीच्या अवस्थेत अडकल्या आणि अनावर वाढू लागल्या, म्हणजे जो आजार होतो त्याला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणतात. लहान मुलांच्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. या कच्च्या पेशी मज्जेची जागा व्यापतात, म्हणून मूल फिकट पडते, अंगावर लाल-निळे डाग उमटतात, ताप उतरत नाही आणि हाडे व सांधे दुखतात. या शेवटच्या लक्षणाकडे मी पुढे परत येणार आहे.

१९४० च्या दशकापर्यंत या आजाराचे मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. १९४८ मध्ये बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटवून दाखवला. ते औषध लेडर्ले कंपनीच्या ज्या संशोधन विभागातून आले, त्याचे प्रमुख आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या देशात त्यांचे नाव अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

त्याच सुमारास दुसरे औषध आले, आणि तेच आजच्या विषयाचे मूळ आहे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक लहानशी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रोज स्रवते, पहाटे जास्त आणि रात्री कमी. उपासमार, ताप, इजा, भीती अशा प्रसंगी शरीर तोलून धरणे हे त्याचे काम. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी याच कुळातील कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णास दिले आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना याच कार्यासाठी मिळाले. अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावाने लिम्फोसाइट पेशी वितळतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याआधीच दिसले होते. तेव्हा लिम्फोसाइटच्याच कर्करोगावर हे संप्रेरक वापरून पाहणे ओघानेच आले. १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन ही अधिक प्रभावी रूपे उपलब्ध झाली. पुढे डेक्सामेथासोन आले. या सर्वांना आपण सरसकट 'स्टिरॉइड' म्हणतो. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी चोरून घेतात ते स्टिरॉइड वेगळ्या कुळातले. दोहोंची गल्लत करून पालकांनी मुलाचे औषध बंद केल्याची उदाहरणे घडतात, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

एकट्या प्रेडनिसोलोनने सुमारे निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक मुलांमध्ये आजार अदृश्य होई. आठवड्यापूर्वी मान वर न करणारे मूल उठून जेवायला मागे. पण काही महिन्यांत आजार परत येई, आणि या खेपेस तेच औषध तितक्याच मात्रेत देऊनही परिणाम होत नसे. एकच औषध, तेच मूल, तोच आजार, मग बदलले काय?

हे समजण्यासाठी स्टिरॉइड पेशीला मारते कसे, ते पाहावे लागेल. आपल्याकडे पूर्वी परगावच्या नातलगाला माणसाकरवी निरोप धाडत, त्याला सांगावा म्हणत. स्टिरॉइड हा असाच सांगावा आहे. ते विष नव्हे. स्निग्ध स्वभावामुळे ते पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. आत त्याची वाट पाहणारे एक प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. एरवी हे ग्राही इतर मदतनीस प्रथिनांच्या आधाराने पेशीद्रवात थांबलेले असते. स्टिरॉइड त्याच्या खोबणीत बसले की त्याचा आकार बदलतो, ते पेशीकेंद्रकात जाते आणि डीएनएवरील ठरावीक ठिकाणी बसून शेकडो जनुकांचे काम वाढवते किंवा घटवते. लिम्फोसाइटमध्ये या फेरबदलांची अखेर आत्मनाशात होते. बिम नावाचे प्रथिन वाढते, ते पेशीची ऊर्जाकेंद्रे असलेल्या तंतुकणिकांना छिद्रे पाडण्याची व्यवस्था करते, त्यातून बाहेर पडलेले द्रव्य कॅस्पेज नावाच्या कातऱ्या जागृत करते, आणि पेशी आतल्या आत नीटनेटकी मोडून पडते. या सुनियोजित पेशीमृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली व करी या तिघा शास्त्रज्ञांनी 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. याचे पहिले स्पष्ट रासायनिक चिन्ह, म्हणजे डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होणे, वायली यांनी १९८० मध्ये दाखवले तेही उंदरासारख्या प्राण्याच्या लिम्फोसाइटना स्टिरॉइड देऊनच.

यकृताची किंवा स्नायूची पेशी हाच सांगावा ऐकते आणि साखर वाढवते, प्रथिने मोडते, पण मरत नाही. लिम्फोसाइटला मात्र त्याचा अर्थ 'आता आवर' असा लागतो. निरोगी शरीरात रोगप्रतिकार अनावर होऊ नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही सोय आहे. ल्युकेमियाच्या पेशीने आपल्या मूळ कुळाकडून हा गुण वारसा म्हणून घेतलेला असतो आणि आपण उपचारात त्याचाच उपयोग करतो. मज्जेतील दुसऱ्या शाखेच्या पेशींपासून होणाऱ्या मायलॉइड ल्युकेमियात हा वारसा नसतो. तेथे स्टिरॉइड हे मुख्य औषध ठरत नाही.

आता दाद न देण्याकडे येतो. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असू शकतात. त्या सर्व एकाच मूळ पेशीच्या वंशज असल्या तरी सारख्या नसतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल उतरवताना कुठे ना कुठे फरक पडतो. समजा, दर दहा लाख पेशींत एकच पेशी स्टिरॉइडचा सांगावा न ऐकणारी निघाली, तर एक लाख कोटींत अशा दहा लाख पेशी पहिली गोळी देण्यापूर्वीच हजर आहेत. माणदेशातील मंडळींना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दुष्काळात कळपातील जी मेंढरे तगतात ती दुष्काळाने काटक केलेली नसतात. त्यांच्यात तो काटकपणा आधीपासून असतो, दुष्काळ फक्त बाकीची काढून नेतो. पुढच्या सालचा कळप त्यांच्याच पोटचा. औषधही असेच निवड करते. जंतूंबाबत हे तत्त्व लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये सिद्ध केले. ल्युकेमियाबाबत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानाच्या वेळचे आणि आजार उलटल्यानंतरचे नमुने जनुकीय पातळीवर ताडून पाहिले, तेव्हा अनेक मुलांमध्ये उलटलेला आजार हा मूळ मुख्य पेशीसमूहाच्या एखाद्या चुलत शाखेतून आल्याचे दिसले. ती शाखा सुरुवातीपासून होती, फक्त अल्पसंख्य होती. काही बदल उपचाराच्या काळातही घडतात, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे चित्र सर्वस्वी एकरंगी नाही.

म्हणून मघाच्या प्रश्नाचे उत्तर असे : सवय मुलाच्या अंगाला होत नाही. मुलाचे यकृत, हाडे, चेहरा, भूक या सर्वांवर स्टिरॉइडचा परिणाम दुसऱ्या खेपेसही पूर्वीइतकाच होतो. मध्यरात्री उठून भाकरी मागणारे, गालांनी गोल झालेले मूल याची साक्ष देते. दाद देणे थांबवलेले असते ते पेशींच्या एका वंशाने. यात बाहेरच्या खाण्याचा संबंध नाही, आणि हा गुण संसर्गाने कोणाला लागतही नाही.

या पेशींचा अभ्यास कसा झाला, याची हकिकत मला विशेष वाटते. बोस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या सुमारे चार वर्षांच्या एका मुलीच्या रक्तातून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले आणि १९६५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. 'सीईएम' या नावाने तो पेशीवंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. ब्रॅड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील एकेक पेशी सुटी करून तिची स्वतंत्र संतती वाढवली. सी-७ नावाची संतती डेक्सामेथासोनने मरत असे. सी-१ नावाची, त्याच मुलीची, त्याच वंशाची संतती त्याच औषधात खुशाल वाढत राही. सी-७ च्या पेशी लगेच मरत नसत. साधारण एक दिवस काहीच घडत नाही असे वाटे, आणि तेवढ्या अवधीत औषध काढून घेतले तर त्या सावरत. त्यानंतर मात्र परतीची वाट बंद होई. आत्मनाशाचा निर्णय पेशी सावकाश घेते आणि तोवर सांगावा अखंड यावा लागतो, हे त्यातून कळले. प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्याचा नियम मुलाच्या शरीराला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी गोळ्यांच्या वेळा पाळा असे परिचारिका वारंवार का सांगतात, याचा थोडा उलगडा यातून व्हावा.

सी-१ चे कोडे आणखी गहन होते. सुरुवातीस सर्वांची अपेक्षा अशी की या पेशींत ग्राहीच नसणार. सांगावा घेणाराच घरात नाही, मग परिणाम कसा होणार? काही पेशीवंशांत खरोखर तसे आढळले. सी-१ मध्ये मात्र ग्राही होते, ते स्टिरॉइडला धरत होते, काही जनुकांवर त्याचा परिणामही दिसत होता, तरी पेशी मरत नव्हती. निरोप पोहोचला, वाचला गेला, पण त्यावर अंमल होत नव्हता. पुढे असे दिसले की पेशीतील दुसरी एक संदेशवहन व्यवस्था औषधाने चेतवली, तर हीच सी-१ डेक्सामेथासोनला दाद देऊन मरू लागते. आत्मनाशाची यंत्रणा शाबूत होती, ती केवळ अडवून धरलेली होती. माझ्या मते या क्षेत्रातील ही सर्वांत आशादायक गोष्ट आहे, कारण हरवलेली वस्तू परत आणणे अवघड, अडवलेली वाट मोकळी करणे त्या मानाने सोपे.

त्यानंतरच्या काळात अशा पुष्कळ अडवणुकी सापडल्या. ग्राहीचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. १९८५ मध्ये त्याची ओळ वाचली गेली. उलटलेल्या आजारात कधी ते जनुक अंशतः गळालेले असते, कधी त्यात उत्परिवर्तन असते, परंतु सर्व रुग्णांचा विचार करता हे प्रमाण थोडेच. सीआरईबीबीपी नावाचे दुसरे जनुक बिघडल्याचे २०११ मध्ये दाखवण्यात आले. हे जनुक ग्राहीला केंद्रकात इतर जनुके उघडण्यास मदत करते. टी-प्रकारच्या ल्युकेमियात एकेटी नावाचे प्रथिन ग्राहीवर अशी खूण उमटवते की त्याला केंद्रकाच्या आत जाताच येत नाही, हे २०१३ चे संशोधन. काही पेशींत बिमचे जनुक रासायनिक कुलपाने बंद झालेले असते, तर काहींत बिमला निष्प्रभ करणारी बीसीएल-२ किंवा एमसीएल-१ ही संरक्षक प्रथिने अवाजवी वाढलेली असतात. एक वर्षाच्या आतील बालकांना होणारा, अकराव्या गुणसूत्राच्या विशिष्ट बिघाडाचा ल्युकेमिया प्रेडनिसोलोनला फार वेळा दाद देत नाही, त्यामागे एमसीएल-१ चा मोठा वाटा मानला जातो.

सर्वांत विलक्षण प्रकार अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये उघड केला. मघाशी पेशीमृत्यूत काम करणाऱ्या कॅस्पेज या कातऱ्यांचा उल्लेख केला. त्याच कुळातील कॅस्पेज-१ नावाची एक कातरी दाहाच्या वेळी काम करते. प्रतिरोधी पेशींत ती आणि तिला जागवणारे प्रथिन ही दोन्ही जास्त प्रमाणात आढळली, आणि ती कातरी स्टिरॉइडच्या ग्राहीचाच लचका तोडत होती. दाह शमवण्यासाठी आपण जे औषध देतो, त्याच्या ग्राहीला दाहाच्याच यंत्रणेने कापावे, असा हा प्रकार.

एवढी नावे आपण लक्षात ठेवावीत अशी अपेक्षा नाही. प्रतिरोध हा एक आजार नसून अनेक वेगवेगळ्या वाटांनी गाठलेले एकच ठिकाण आहे, इतके ध्यानी राहिले तरी पुरे. त्यामुळे त्यावर एकच उतारा निघणे कठीण.

मग रुग्णशय्येपाशी काय करतात? जर्मनीतील बीएफएम गटाने १९८० च्या दशकात एक अत्यंत साधी कसोटी प्रचारात आणली. पहिले सात दिवस मुलाला प्रेडनिसोलोन द्यायचे, त्यासोबत पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेटचे एक इंजेक्शन, आणि आठव्या दिवशी रक्तातील ल्युकेमिया पेशी मोजायच्या. एका घन मिलिमीटर रक्तात त्या हजारापेक्षा कमी असतील तर दाद चांगली, हजार किंवा अधिक असतील तर अपुरी. दहापैकी सुमारे नऊ मुले चांगली दाद देतात. उरलेल्यांना पुढे अधिक तीव्र उपचार आखावे लागतात. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि जाणती नजर एवढ्या साधनांवर ही कसोटी उभी आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. आता तिच्या जोडीला उर्वरित सूक्ष्म आजाराची तपासणी आली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसत असतानाही शरीरात एक हजार कोटी पेशी दडलेल्या असू शकतात. ही नवी तपासणी दहा हजारांत एक पेशीसुद्धा हुडकते.

प्रतिरोधावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अनेक औषधे एकत्र देणे. दहा लाखांत एक पेशी स्टिरॉइडला आणि दहा लाखांत एक पेशी व्हिन्क्रिस्टीनला दाद देणारी नसेल, आणि दोन्ही गुण परस्परांशी संबंध नसलेले असतील, तर दोन्हींना पुरून उरणारी पेशी एक लाख कोटींत एखादीच. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, पण एकट्या प्रेडनिसोलोनने निम्मी मुले आणि त्यात व्हिन्क्रिस्टीन मिळवल्यावर दहापैकी आठ-नऊ मुले रोगशमनापर्यंत पोहोचू लागली, हा इतिहास आहे. प्रेडनिसोलोनऐवजी डेक्सामेथासोन वापरण्याचाही फायदा दिसला. ते मेंदूभोवतीच्या द्रवात अधिक चांगले पोहोचते, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत मज्जासंस्थेत आजार उलटण्याचे प्रमाण त्यामुळे जवळपास निम्म्यावर आले. पण त्याचबरोबर जंतुसंसर्ग, हाडांची झीज आणि स्वभावातील चिडचिड हे त्रास वाढतात.

आपल्याकडे हे गणित अधिक नाजूक आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने, जे १९४१ पासून या राज्याचा आधार आहे, दिल्लीची एम्स व चेन्नईची कर्करोग संस्था यांच्यासह १९८४ पासून एमसीपी-८४१ ही समान उपचारपद्धती राबवली. डॉ. सुरेश अडवाणी यांच्यासारख्यांचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने आखलेली ही पद्धती भारतीय रुग्णालयांच्या आवाक्यात बसणारी होती, आणि तिने या देशातील मुलांच्या जगण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने खूप उंचावले. पुढे २०१६ मध्ये मुंबई, कोलकाता, दिल्ली आदी ठिकाणच्या केंद्रांनी मिळून 'आयसायकल' ही मोठी चाचणी सुरू केली. तिच्यात आठव्या दिवसाची दाद आणि सूक्ष्म आजार या दोन्हींवरून उपचारांची तीव्रता ठरवली जाते. पहिल्या टप्प्यात प्रेडनिसोलोन कमी मुदतीचे दिल्यास त्रास कमी होतो का, हाही प्रश्न तिने हाती घेतला. परदेशी मुलाला झेपते तेवढे स्टिरॉइड आपल्या कुपोषित, जंतुसंसर्गाने वेढलेल्या मुलाला झेपेलच असे नाही. हा प्रश्न आपल्या डॉक्टरांनीच विचारायला हवा होता आणि त्यांनी तो विचारला.

आता मी सांध्यांच्या दुखण्याकडे परत येतो. आजच्या व्याख्यानातील हा भाग आपल्या भागाशी सर्वांत निगडित आहे. मुलाचा गुडघा दुखतो, ताप येतो, ते लंगडते. वाडीवस्तीवर, यात्रेच्या किंवा सुगीच्या धामधुमीत, जवळ मिळेल त्या ठिकाणी त्याला नेले जाते. तेथे संधिवात समजून किंवा नुसता ताप उतरावा म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन वा गोळ्या दिल्या जातात. मूल चार दिवसांत खेळू लागते. घरच्यांना वाटते, गुण आला. मूळ आजार ल्युकेमिया असेल तर ही सुधारणा घातक ठरते, आणि ती का, हे आता आपणांस कळेल. रक्तातून कच्च्या पेशी तात्पुरत्या नाहीशा होतात, म्हणून नंतर तपासणी केली तरी निदान लांबते. आठव्या दिवसाच्या कसोटीचा आधारच जातो, कारण पहिला दिवस कोणता हे सांगता येत नाही. एकट्या औषधाने संवेदनशील पेशी गेल्या आणि न ऐकणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. शिवाय लाखो पेशी एकदम फुटल्या तर त्यांतील क्षार व युरिक आम्ल रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. मोठ्या केंद्रात यासाठी सलाइन व औषधांची तयारी आधी करतात, वस्तीवर ती कोठून असणार?

यावरचा उपाय स्वस्त आहे. आठवड्याहून अधिक काळ ताप, फिकटपणा, अंगावर डाग किंवा हाडांचे दुखणे असलेल्या मुलाला स्टिरॉइड देण्यापूर्वी रक्ताची संपूर्ण गणना करावी आणि रक्ताची काचपट्टी जाणकाराने पाहावी. रक्त एखादे वेळी निर्दोष दिसूनही शंका उरली, तर मज्जेची तपासणी होईपर्यंत स्टिरॉइड रोखून धरावे. आधी ते दिले गेले असेल तर पालकांनी चिठ्ठ्या, रिकाम्या पाकिटांसह पुढच्या डॉक्टरांना दाखवावे. लपवू नये, त्याबद्दल कोणी रागावणार नाही. दमा किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी ज्या मुलांना योग्य सल्ल्याने स्टिरॉइड चालू आहे, त्यांच्या पालकांनी मात्र माझे बोलणे ऐकून गोळ्या एकाएकी थांबवू नयेत. बराच काळ बाहेरून संप्रेरक मिळाले की शरीराची स्वतःची ग्रंथी निजते, आणि औषध अचानक तोडल्यास जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट उपचार अर्ध्यावर सोडण्याची. हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्यात मूल चांगले दिसू लागते, रान पाण्याविना असते, जनावरे छावणीत बांधलेली असतात, मुंबईची खोली परवडत नाही, आणि बाप म्हणतो, आता बरे आहे, घरी जाऊ. त्या वेळी शरीरात उरलेल्या पेशी कोणत्या, हे आपण पाहिले. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास पाचातले एक कुटुंब उपचार सोडून जाई. निवास, अन्न, प्रवास, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची तजवीज झाल्यावर पुढील काही वर्षांत ते प्रमाण शंभरात पाचाच्या आत आले. २००६ पासून मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया बालनिवासांचाही यात हातभार आहे. त्यासाठी नवे औषध लागले नाही. देणगीदारांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. आपल्या देणगीतून एसटीचे भाडे दिले जाते तेव्हा ते प्रतिरोधाविरुद्धच खर्ची पडत असते. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील केमोथेरपीचा समावेश आहे. तिची कागदपत्रे जमवण्यास आपल्या रुग्णालयाचा समाजसेवा कक्ष मदत करतो. आणि प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असेही नाही. बार्शीसारख्या गावात नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच सुरू झाली, हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे.

शेवटी, स्टिरॉइडला अजिबात दाद न देणाऱ्या पेशींचे काय? वाट मोकळी करण्याचे प्रयत्न, म्हणजे बीसीएल-२ ला अडवणारी औषधे स्टिरॉइडच्या जोडीने देणे, चालू आहेत. दुसरा मार्ग सांगाव्याची वाटच टाळण्याचा. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी काढून, ल्युकेमिया पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ ही खूण ओळखण्याचे जनुक त्यांत घालून, त्या परत सोडायच्या. त्या बाहेरून हल्ला करतात, तेथे ग्राही शाबूत आहे की कापलेले, याने फरक पडत नाही. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचारास, नेक्सकार-१९ यास, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ही मान्यता पंधरा वर्षे व त्यावरील अशा रुग्णांसाठी आहे, ज्यांचा बी-प्रकारचा आजार उलटलेला आहे किंवा औषधांना दाद देत नाही. परदेशी उपचाराच्या तुलनेत त्याचा खर्च कितीतरी कमी, तरी तो लाखांच्या घरात जातो. सीडी-१९ ची खूण टाकून देऊन निसटणाऱ्या पेशीही आढळल्या आहेत, तेव्हा येथेही निवड सुटलेली नाही.

या उपचारात सोडलेल्या टी-पेशी कधी कधी इतक्या चेकाळतात की ताप चढतो, रक्तदाब उतरतो आणि रुग्णाचा जीव धोक्यात येतो. त्या वेळी त्यांना आवरण्यासाठी जी औषधे हाताशी ठेवतात, त्यांत डेक्सामेथासोन असते. टी-पेशी याही लिम्फोसाइटच, आणि त्यांना तो सांगावा अजून ऐकू येतो.